सेवा त्यांची, शिक्षा यांना

पुण्यात कोंढव्याला माझा एक अफगाण मित्र राहायचा. शिकायला आला होता. मी त्याच्या रूमवर अभ्यासाच्या नावाखाली जायचो आणि पुलाव खाऊन परत यायचो. एका संध्याकाळी तो काबूलला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मध्येच त्याने फोन माझ्याकडे वळवला. मला नीट बघता यावं म्हणून आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हसून काहीतरी म्हणाली. "हा मुलगा जेवत नाही का, विचारतेय," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर भात वाढता वाढता त्याने सहज सांगितलं, "तिला दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. मग नूरमध्ये ऑपरेशन झालं. ख्रिश्चन लोक चालवायचे ते."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग त्यांनी धर्माबिर्माचं काही...?"

तो डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "तू पण हेच विचारणार?" मग म्हणाला, "त्यांनी आईला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. कधीपासून दिसत नाही, आणि सोबत कोण आलंय."

हा लेख त्या 'तू पण'मुळे लिहितोय.

मुस्लिम देशांत काम करणाऱ्या चर्चेसचा आणि ख्रिस्ती मदतसंस्थांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सेवा हे निमित्त, खरा धंदा धर्मांतराचा. दुसरा म्हणतो, बिचारे जीव धोक्यात घालून सेवेला गेले आणि धर्मांधांनी त्यांना मारलं. आपल्याकडे तिसराही एक तट आहे. तो सकाळी पहिल्या तटात असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. मिशनरी आपल्या जिल्ह्यात आला की तो कारस्थानी, आणि तालिबानने त्याला गोळी घातली की तो हुतात्मा.

माझं म्हणणं या तिघांनाही आवडणार नाही. प्रचाराला आलेला परदेशी बहुतेक वेळा विमानात बसून घरी जातो. फतवा काढणारा गादीवर राहतो. किंमत मोजतो तो तिथला माणूस. आणि दोघांच्याही वहीत तो माणूस म्हणजे फक्त एक आकडा असतो: एकाने मिळवलेला, दुसऱ्याने गमावलेला.

अफगाणिस्तानात हे इतकं स्पष्ट दिसतं की दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

ऑगस्ट २००१. तालिबानने काबूलमध्ये शेल्टर नाऊ या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या लोकांची धरपकड सुरू केली. चार जर्मन, दोन अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन असे आठ परदेशी आणि त्यांच्यासोबत संस्थेत काम करणारे सोळा अफगाण. आरोप धर्मप्रचाराचा. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, युद्ध सुरू झालं. नोव्हेंबरात तालिबान काबूल सोडून पळालं तेव्हा त्यांनी परदेशी कैद्यांना सोबत नेलं. गझनीत त्यांची सुटका झाली आणि अमेरिकी हेलिकॉप्टरं येऊन त्यांना घेऊन गेली. डेना करी आणि हेदर मर्सर या दोन तरुण अमेरिकन मुलींचं व्हाइट हाऊसमध्ये स्वागत झालं. पुढे त्यांचं पुस्तक आलं. आणि सुटल्यावर त्या दोघींनीच सांगितलं की हो, एका अफगाण कुटुंबाला आम्ही येशूवरचा सिनेमा दाखवला होता.

एक सिनेमा दाखवणं हा तुमच्या-माझ्या लेखी गुन्हा नाहीच. त्यासाठी कुणालाही तुरुंगात टाकणं हा अत्याचारच. पण त्या घरात बसून थोडा हिशेब करा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुल्ला ओमरचा फतवा निघाला होता की धर्म सोडणाऱ्या अफगाणाला मृत्युदंड. म्हणजे पडद्याच्या एका बाजूला जी बसली आहे तिच्याजवळ परदेशी पासपोर्ट आहे, तिच्यामागे एक दूतावास आहे, एक अख्खं सैन्य आहे. दुसऱ्या बाजूला जे बसलेत त्यांच्याजवळ फक्त घराचं दार आहे, आणि तेही आतून नीट लागत नाही. दोघांनी मिळून एकच सिनेमा पाहिला, पण धोका एकसारखा नव्हता. त्या सोळा अफगाण कर्मचाऱ्यांना कुठल्या व्हाइट हाऊसने चहाला बोलावलं नाही.

यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शेल्टर नाऊच्या अटकेनंतर, ऑगस्ट संपता संपता, तालिबानने आणखी दोन ख्रिस्ती संस्थांना देशाबाहेर काढलं. त्यातली एक इंटरनॅशनल असिस्टन्स मिशन. ही संस्था १९६६पासून अफगाणिस्तानात होती. राजेशाही पाहिली, रशियन पाहिले, मुजाहिदांची आपसातली लढाई पाहिली, तालिबानही पाहिलं. तिचंच नेत्रसेवेचं काम म्हणजे नूर. आपण ख्रिस्ती आहोत हे या संस्थेने कधी लपवलं नाही, आणि मदतीच्या आडून धर्मप्रसार करायचा नाही हे तिचं जाहीर धोरण. टॉम लिटल नावाचा अमेरिकन चष्मेतज्ज्ञ सत्तरच्या दशकापासून तिथे होता, दरी भाषा बोलायचा, त्याच्या मुली तिथे वाढल्या. त्यालाही निघावं लागलं.

एका संस्थेतल्या दोन उत्साही मुलींनी सिनेमा दाखवला. तालिबानने त्याचा बहाणा करून डोळ्यांच्या डॉक्टरांना हाकललं. दोष कुणाचा? पहिला आणि मोठा दोष तालिबानचाच. पण 'देवाने सांगितलं म्हणून केलं' एवढ्यावर त्या मुलींना पाठवणाऱ्यांना सोडून द्यायचं का? आपल्या एका पावलाने कुणाकुणाचा रस्ता बंद होतो, याचा हिशेब न करणाऱ्या धाडसाला मी धाडस म्हणत नाही.

यामागे एक सबंध विचारपद्धती आहे, म्हणून ती समजून घेऊ. संत पौल म्हणे तंबू शिवून पोट भरायचा आणि प्रचार करायचा. त्यावरून मिशनरी जगात 'तंबू शिवणारे' हा शब्दच पडला. ज्या देशात मिशनरीला व्हिसा मिळत नाही तिथे शिक्षक, इंजिनिअर, नर्स म्हणून जायचं. क्रिस्टी विल्सन हा अमेरिकन या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता. १९५१ साली तो शिक्षक म्हणून काबूलला गेला आणि वीसेक वर्षं राहिला. काबूलमधल्या परदेशी ख्रिस्ती लोकांसाठी चर्च व्हावं म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राजा झहीर शाहकडे शब्द टाकला होता. १९७०मध्ये ते चर्च उभं राहिलं आणि १९७३मध्ये सरकारने बुलडोझर लावून ते पाडलं. काही आठवड्यांतच राजाचं तख्त गेलं. काही ख्रिस्ती गोटांत हा प्रसंग आजही देवाने केलेल्या न्यायाचा दाखला म्हणून सांगतात.

ते चर्च पाडणं ही शुद्ध दांडगाई होती. परदेशी माणसं आपल्या देवासमोर बसत होती, यात कुणाचं काय गेलं? पण राजाच्या पदच्युतीत देवाचा हात बघणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: त्यानंतर त्या देशात जी लाखो माणसं मेली, ती कुठल्या चर्चच्या विटेचा हिशेब म्हणून?

पुढे १९९०च्या सुमाराला याच जगात एक नकाशा लोकप्रिय झाला. उत्तर गोलार्धात १० ते ४० अक्षांशांमधला पट्टा. जिथे ख्रिस्ताचं नाव पोचलेलं नाही, सगळं बळ तिथे लावा. यात मोरोक्कोपासून पूर्वेकडे पसरलेलं बरंचसं मुस्लिम जग येतं. जाता जाता बघा, आपलं पुणं १८ अंशांवर आहे, मुंबई १९वर. म्हणजे आपणही त्या खिडकीत आहोत. कुणी तरी आपल्याला न विचारता आपल्यावर रंगीत पेन्सिल फिरवली आहे, हे कळल्यावर जे वाटतं ना, ते लक्षात ठेवा. काबूलच्या माणसालाही तसंच वाटतं. त्यासाठी त्याने धर्मांध असायची गरज नाही.

माझा आक्षेप प्रचाराला नाही, लपवण्याला आहे. ज्याला वाटतं आपल्याकडे सत्य आहे, त्याने ते जरूर सांगावं. पण व्हिसाच्या अर्जावर एक लिहायचं, आणि ज्या चर्चने पैसे दिले त्याच्या पत्रकात दुसरं छापायचं, हे खोटं आहे. ज्याच्या नावावर हे खोटं बोललं जातं त्याची मान परदेशात नसते.

२००७च्या जुलैत दक्षिण कोरियाच्या एका चर्चचे तेवीस स्वयंसेवक काबूलहून कंदाहारला बसने निघाले होते. गझनीजवळ तालिबानने बस अडवली. दोघांना मारलं, त्यांत त्यांचा पास्टर होता. बाकीच्यांना सोडवायला कोरियन सरकारला महिनाभर तालिबानशी बोलणी करावी लागली. वर्षअखेर सैन्य परत नेऊ आणि मिशनरी पाठवणं थांबवू, असा शब्द द्यावा लागला. आदल्याच वर्षी कोरियातून हजाराहून जास्त ख्रिस्ती लोक 'शांतता महोत्सव' करायला अफगाणिस्तानात पोचले होते आणि अफगाण सरकारने त्यांना परत पाठवलं होतं. म्हणजे इशारा मिळाला नव्हता असं नाही. मेलेल्या दोघांबद्दल मला दुःखच आहे. पण ज्या तालिबानशी कुणी अधिकृतपणे बोलत नव्हतं, त्यांना एका देशाच्या सरकारसमोर बसायला खुर्ची मिळाली. ती खुर्ची पुढे कुणाच्या अंगणात मांडली गेली? अफगाणांच्याच.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण इथवर वाचून पहिल्या तटातले लोक खूश झाले असतील. त्यांनी एवढ्यात हे फॉरवर्ड करू नये.

तालिबानची सत्ता गेल्यावर टॉम लिटल परत गेला होता. ऑगस्ट २०१०मध्ये तो आपल्या पथकासोबत नूरिस्तानच्या दुर्गम खोऱ्यात नेत्रशिबिर करून परतत होता. गाडी जात नाही तिथे ही मंडळी डोंगर चढून गेली होती. परतीच्या वाटेवर बदख्शानच्या जंगलात त्यांना उभं करून गोळ्या घातल्या. दहा माणसं: सहा अमेरिकन, एक ब्रिटिश, एक जर्मन आणि दोन अफगाण. एक अफगाण ड्रायव्हर कुराणाच्या आयती म्हणाला म्हणून वाचला. तालिबानने सांगितलं, हे बायबल वाटत होते.

या पथकाने तिथे वाटले ते चष्मे. पण 'ख्रिस्ती म्हणजे प्रचारकच' हे एकदा गृहीत धरलं की पुरावा लागत नाही. माझ्या मित्राच्या आईला विचारलेला प्रश्न मीही याच गृहीतकातून विचारला होता. माझ्या हातात पुलावाची ताटली होती आणि त्यांच्या हातात बंदूक, एवढाच फरक.

त्याच वर्षी मे महिन्यात काबूलच्या एका टीव्ही चॅनलने काही अफगाण लोकांच्या बाप्तिस्म्याचं चित्रण दाखवलं, चेहऱ्यांसकट. सरकारने नॉर्वेजियन चर्च एड आणि चर्च वर्ल्ड सर्व्हिस या दोन संस्थांचं काम स्थगित केलं. आपण धर्मांतर करतो हे दोन्ही संस्थांनी नाकारलं. संसदेतला एक पदाधिकारी उठून म्हणाला की चित्रणात दिसणाऱ्यांना भर चौकात मारा. हे तालिबानचं नव्हे, लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या, पश्चिमेच्या पैशावर उभ्या असलेल्या सरकारचं संसद होतं. त्या धरपकडीत सय्यद मुसा नावाचा माणूस सापडला. त्याचा स्वतःचा एक पाय कृत्रिम, सहा मुलांचा बाप, आणि रेडक्रॉसच्या केंद्रात पाय गमावलेल्या लोकांना चालायला शिकवणारा. त्याने धर्म बदलला होता. आठ-नऊ महिने तो तुरुंगात राहिला, आणि आंतरराष्ट्रीय दबावानंतर सुटून देशाबाहेर गेला. त्याच्याआधी, २००६मध्ये, अब्दुल रहमानचं असंच झालं होतं. पेशावरला निर्वासितांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत असताना त्याने धर्म बदलला होता. पंधराएक वर्षांनी मुलांच्या ताब्यावरून घरात भांडण झालं, त्यात ती गोष्ट बाहेर आली आणि फाशीपर्यंत पोचली. शेवटी इटलीने आसरा दिला.

मौलवी म्हणतात, ही माणसं विकली गेली. पण विकली गेलेली माणसं जीव जायची वेळ आली की परत फिरतात. ही फिरली नाहीत. त्यांच्या देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्यांच्या निर्णयाला 'प्रलोभन' म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

प्रलोभनाबद्दल बोलायचंच, तर त्याच पेशावरच्या रस्त्यावर बोलू. ऐंशीच्या दशकात तिथल्या छावण्यांत आणि आसपास आखाती पैशावर चालणारे मदरसे आणि अनाथालयं होती. राहणं फुकट, जेवण फुकट, आणि सोबत एक विशिष्ट इस्लाम, तोही फुकट. पेशावरपासून जवळच अकोडा खटकच्या दारुल उलूम हक्कानियात तालिबानचे कितीतरी नेते शिकले. आईबाप गमावलेल्या पोराला रोटी देऊन त्याच्या डोक्यात काय भरायचं ते भरणं, याला जर धर्मांतराचा डाव म्हणत असाल, तर तो डाव तालिबानवर आधीच खेळला गेलेला आहे. फक्त त्याला डाव म्हणत नाहीत, शिक्षण म्हणतात.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. श्रद्धा नसती तर टॉम लिटल तीसेक वर्षं तिथे राहिला असता का? तीन वर्षांच्या करारावर येणारे, बुलेटप्रूफ गाडीतून फिरणारे सल्लागार काबूलने ढिगाने पाहिले. रॉकेट पडायला लागल्यावर जे थांबले त्यांत श्रद्धावान लोक बरेच होते. तेव्हा 'धर्म बाहेर ठेवून या' असं म्हणणं म्हणजे इंजिन काढून गाडी मागणं. ते मला नकोच आहे. कुणी कशाच्या जोरावर सेवा करतो हे तपासायचा अधिकार मला नाही. मदत घेणाऱ्यावर काय अट आहे आणि त्याच्यापासून काय लपवलंय, हे मात्र तपासलंच पाहिजे. १९९४मध्ये रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली. मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटायला करायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. त्यावर अनेक चर्चप्रणीत संस्थांच्याही सह्या आहेत.

आणि आचारसंहिता नको असेल तर बायबलमधलीच चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा तो बांधतो, त्याला धर्मशाळेत नेतो, मालकाला पैसे देतो आणि आपल्या वाटेला लागतो. जखमी माणूस कुठल्या पंथाचा, हे तो विचारत नाही. आपलं नावसुद्धा सांगत नाही. ज्यांच्या ग्रंथात ही गोष्ट आहे त्यांना मी वेगळं काय शिकवणार?

आता थोडं घरचं. माझ्या पणजीचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं होतं. ती घरी आली नसती तर पुढे आजी झाली नसती आणि मीही नसतो. तरी आमच्या घरात 'मिशनरी' हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. आजी सांगायची, वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची, तेव्हा पणजी डोळे मिटून मनात विठ्ठल विठ्ठल म्हणायची. गोळी त्यांची घेतली, देव आपला ठेवला. गरीब, न शिकलेली बाई होती, पण तिला कुणी फसवू शकलं नाही.

आणि ज्यांना देव बदलायचा होता त्यांनी तोही इथेच बदलला. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर मुसलमान, ख्रिस्ती, शीख, सगळ्यांनी त्यांच्याकडे फेऱ्या मारल्या. त्यांनी एकवीस वर्षं विचार केला आणि १९५६ला नागपुरात स्वतःच्या मर्जीने, लाखो लोकांसोबत बौद्ध झाले. धर्म बदलणं म्हणजे काय असू शकतं, हे ज्या मातीने पाहिलंय तिथल्या माणसाने 'गरीब माणूस पोत्याभर तांदळासाठी धर्म विकतो' असं म्हणताना जीभ चावावी.

ओडिशाने १९६७मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८मध्ये धर्मांतरावर कायदे केले. नाव 'धर्मस्वातंत्र्य', आणि त्यात 'प्रलोभन' हा शब्द. आज काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. फाशी आणि फॉर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मी पुसत नाही. पण सय्यद मुसासाठी हळहळणाऱ्याने आपल्या गावातल्या माणसाने मात्र अर्ज भरूनच देव बदलावा असं म्हणू नये. दोन्हीकडे गृहीतक एकच आहे: माणसाची श्रद्धा त्याची स्वतःची नसते, ती समाजाची मालमत्ता असते, आणि बाहेरचा कुणी येऊन ती चोरतो.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये घोर प्रांतात इंटरनॅशनल असिस्टन्स मिशनच्या अठरा लोकांना तालिबानने पुन्हा पकडलं. आरोप तोच. पकडलेले बहुतेक अफगाणच.

ती बातमी मी मित्राला पाठवली. तो आता पुण्यात नाही, दुसऱ्या देशात कागदपत्रांची वाट बघतोय. त्याने बातमीबद्दल काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने आईचा एक फोटो पाठवला. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिला पांढरा दोरा बांधला होता. खाली लिहिलं होतं, "नवा नंबर काढायचाय. पण आता नेऊ कुठे?"